मैदा काढला, आता बिस्कीट धरणार कोण?

भोर-वेल्ह्याकडची नाचणीची ताजी भाकरी घडी घातली तरी तुटत नाही. वर पिठले घालून ती हातावर घेऊन खाता येते. मग त्याच गिरणीतून आणलेल्या त्याच पिठात तूप आणि गूळ घालून बिस्किटे केली, तर ती ताटातून उचलतानाच भुगा का होतात? घरी नाचणीची बिस्किटे करून पाहणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो. मग शेजारच्या काकू सांगतात, निम्मा मैदा घाल. कोणी म्हणते तूप वाढव, कोणी म्हणते साखरेशिवाय बिस्कीट होतच नाही. असे करत करत पौष्टिक म्हणून हाती घेतलेले बिस्कीट शेवटी नेहमीच्या नानकटाईवर येऊन थांबते.

दुकानातल्या पाकिटांचीही तीच गत आहे. पुढच्या बाजूला ‘नाचणी’ किंवा ‘ओट्स’ मोठ्या अक्षरांत असते. पाकीट उलटून घटकांची यादी वाचली, तर पहिले नाव पुष्कळदा मैद्याचे निघते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा नियम आहे. म्हणजे यादीत ज्याचे नाव पहिले, तोच माल सर्वांत जास्त. ही यादी वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विसंबून आपण मुलांच्या डब्यात काय देतो हे आपल्यालाच कळत नाही.

बिस्कीट खरोखर सुधारायचे असेल तर मैदा, साखर आणि तूप त्यात नेमकी कोणती कामे करतात हे आधी पाहिले पाहिजे. यातले काहीही काढले की त्याचे काम मागे उरते, आणि ते दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते.

उतारावरची दोन धान्ये

भोर आणि वेल्हे (या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) म्हणजे जुन्या मावळांचा मुलूख. हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे. खाली खाचरांत भात आणि वर वरकस जमिनीत नाचणी व वरई, अशी इथली पिकांची जुनी मांडणी. राजगड-तोरण्याच्या पश्चिमेला पाऊस धो धो कोसळतो, उतारावरची माती पातळ असते. तिथे पावसाळ्यात गहू उभा राहणार नाही. नाचणी राहते. राब भाजून रोप तयार करायचे, पावसात लावणी करायची आणि दिवाळीच्या आगेमागे कणसे खुडायची, असा तिचा हिशेब. दाणा जेमतेम मोहरीएवढा. त्याचा कोंडा गव्हासारखा सहज वेगळा काढता येत नाही, म्हणून नाचणी कोंड्यासकटच दळली जाते. तिच्या पिठाचा तपकिरी रंग आणि त्यातला चोथा दोन्ही या कोंड्यातून येतात.

स्कॉटलंडमध्ये ओटचे असेच झाले. आपल्याकडे ओट हे मुख्यतः दुभत्या जनावरांच्या वैरणीचे पीक आहे. तिथल्या थंड, ओल्या डोंगराळ भागात मात्र गहू धड पिकत नसे आणि ओटवर माणसे जगत. त्यांचे मूळचे ओटचे बिस्कीट, म्हणजे ओटकेक, गोड नसते. ओटचे भरड पीठ, मीठ, थोडी चरबी आणि गरम पाणी एवढाच ऐवज. पीठ ऊन असतानाच भराभर मळायचे, लाटायचे आणि तव्यावर भाजायचे. भाकरी करणाऱ्या कोणालाही यात अनोळखी वाटावे असे काहीच नाही. आपल्याकडेही नाचणीच्या पिठावर उकळते पाणी ओततात आणि उकड मळूनच भाकरी थापतात. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन डोंगरी मुलखांनी एकच युक्ती शोधली, कारण दोघांची अडचण एकच होती.

गोडवा नंतर आला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची प्रसिद्ध अँझॅक बिस्किटे ओट आणि खोबऱ्याची असतात, पण त्यांत लोणी, साखर आणि साखरेचा घट्ट पाकही सढळ हाताने पडतो. नावात ओट आहे म्हणून बिस्कीट हलके, असे समजण्यात काही अर्थ नाही.

काठ्या नसलेली भिंत

अडचण कोणती, तर गव्हात असलेली एक गोष्ट नाचणीत आणि ओटमध्ये नाही. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचे लवचीक जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटताना कणीक ताणली जाते ती या जाळ्यामुळे.

मावळातली जुनी घरे आठवा. कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर माती लिंपत. काठ्यांची वीण म्हणजे ग्लुटेन आणि माती म्हणजे पिठातला स्टार्च. गव्हाच्या पिठाला दोन्ही मिळतात. नाचणीकडे नुसती माती आहे. कोरडी माती रचून भिंत उभी राहत नाही. पण पाणी घालून नीट तुडवलेला चिखल काठ्यांशिवायही उभा राहतो. नाचणीची उकड म्हणजे हा तुडवलेला चिखल.

एक गोष्ट मात्र नाचणीच्या बाजूची आहे. बिस्किटाला ग्लुटेन फारसे नकोच असते. पावाला ते हवे, कारण पाव फुगतो. बिस्किटाचे पीठ जास्त मळले तर जाळे घट्ट होते आणि बिस्कीट वातड होते, म्हणून बेकरीवाले मळायला घाबरतात. नाचणीला ती भीती नाही. निव्वळ नाचणीचा पाव करणे फार कठीण, पण तिचे बिस्कीट चांगले जमते. उणीव फक्त थोड्याशा बांधणीची असते.

उकड कशी काम करते

स्टार्च पिठात बारीक कणांच्या रूपात असतो. थंड पाण्यात हे कण नुसते भिजतात, एकमेकांना धरत नाहीत. पाणी साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कण पाणी पिऊन फुगतात, काही फुटतात, आणि आतला चिकट भाग बाहेर येतो. खळ शिजते ती अशीच. उकळत्या पाण्याने नाचणी चिकट होते त्याचे कारणही हेच.

मग भट्टीतल्या उष्णतेने बिस्किटातला स्टार्च आपोआप का शिजत नाही? कारण तिथे पाणी फार थोडे असते. त्यात साखर आणि तूप मध्ये पडतात. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, तूप कणांवर पातळ थर देते. स्टार्चच्या वाट्याला पुरेसे पाणी येतच नाही, आणि बरेचसे कण भट्टीतून गेले तसेच बाहेर येतात. भाकरीचे पीठ आणि बिस्किटाचे पीठ एकच असून एक दुमडते आणि दुसरे भुरभुरते, ते यामुळे.

उपाय सरळ आहे. सगळे पीठ शिजवायचे नाही, चिमूटभर शिजवून बाकीच्यात मिसळायचे. दोनशे ग्रॅम पिठाला पंधरा ग्रॅमची उकड पुरते. छोट्या पातेल्यात पन्नास मिलिलिटर थंड पाण्यात ते पीठ गुठळ्या न राहता कालवावे आणि मंद आचेवर हलवत राहावे. आधी ते पातळ, मातकट ताकासारखे दिसते आणि काहीच होत नाहीसे वाटते. मग एकदम रंग गडद होतो, वर तकाकी येते आणि चमचा जड होतो. पातेल्याच्या तळावर चमच्याने रेघ ओढावी. रेघ क्षणभर तशीच राहिली तर उकड झाली. ती पूर्ण निवू द्यावी लागते. ऊन उकड तुपात पडली की फेसलेले तूप वितळते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

उकड मिसळून मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. नाचणीचा कोंडा पाणी सावकाश शोषतो. लगेच थापले तर गोळा आधी सैल वाटतो आणि भाजताना त्याला भेगा पडतात. मुरल्यावर लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून पाहावा. कडेला केसासारख्या बारीक रेषा आल्या तर हरकत नाही. कड फाटून तुकडा सुटू लागला तर चमचाभर दूध हवे आहे. हा अंदाज भाकरी थापणाऱ्या हाताला लगेच येतो, वजनकाट्यापेक्षा लवकर.

साखरेची चार कामे

बिस्किटातली साखर निम्मी केली तर नुसती गोडी कमी होईल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बिस्कीट पसरत नाही, फिकट राहते आणि त्याचा कुरकुरीतपणा जातो. साखर भट्टीत विरघळते, तिचा पाक होतो आणि त्यामुळे गोळा पसरून चपटा होतो. भाजणे संपून बिस्कीट निवले की हाच पाक काचेसारखा घट्ट होऊन सगळ्या कणांना धरून ठेवतो. बिस्कीट मोडताना येणारा ‘कट्’ असा आवाज बराचसा या घट्ट झालेल्या साखरेचा असतो. याशिवाय तिच्यामुळे रंग येतो आणि पिठाला मिळणारे पाणी तिच्या ताब्यात राहते.

नाचणीच्या बिस्किटात साखर कमी केल्यावर यातले धरून ठेवण्याचे काम उकड घेते. पसरण्याचे काम आपले हात घेतात. गोळा मुळातच चपटा थापायचा, फार तर काट्याने दाबायचा. रंग नाचणीकडे आहेच. राहतो तो कुरकुरीतपणा, आणि तो शेवटी वाळवून आणावा लागतो.

साखरेऐवजी गूळ घातला तर चव नाचणीला फार शोभते. भोरच्या बाजारात मिळणारा कोणताही चांगला चिक्कीचा नसलेला साधा गूळ चालतो. पण गूळ घातला म्हणून हात सैल सोडायला नको. गुळाचा बहुतेक भाग साखरच आहे. त्यात थोडे खनिज असते, पण बिस्किटामागे दोन-अडीच ग्रॅम गुळातून मिळणारे खनिज नगण्य. शिवाय गुळात हवेतली ओल ओढून घेणाऱ्या शर्कराही असतात. त्यामुळे गुळाची बिस्किटे लवकर करपतात आणि लवकर सादळतात.

तूप, वनस्पती आणि तेल

तूप पिठाच्या कणांवर थर देते, त्यांना एकमेकांत घट्ट गुंतू देत नाही. खुसखुशीतपणा यातून येतो. दुसरे म्हणजे रवाळ, गोठलेले तूप फेसले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. हे काम पातळ तेलाला जमत नाही. म्हणून तेलाची बिस्किटे खरपूस होतात, पण दडस राहतात.

वनस्पती तूप बेकऱ्यांत रुळले ते स्वस्त आणि उन्हाळ्यातही घट्ट राहते म्हणून. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होते, आणि त्याचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का आहे. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. ही मोठी सुधारणा झाली. घरी करताना मी साजूक तूपच घेईन आणि नेहमीपेक्षा कमी घेईन. साजूक तुपातही संपृक्त चरबी निम्म्याहून जास्त असते, तेव्हा ‘साजूक आहे, कितीही चालते’ हे म्हणणे खरे नाही.

मोडाच्या नाचणीचा पेच

नाचणीत फायटेट नावाचा घटक असतो. तो लोह, कॅल्शियम, जस्त यांना धरून ठेवतो आणि शरीराला ती पुरती मिळू देत नाही. मोड आणले की दाणा स्वतःच्या वाढीसाठी फायटेट मोडू लागतो. म्हणून नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळण्याची सत्त्वाची जुनी पद्धत शहाणपणाची आहे.

बिस्किटात मात्र एक पेच येतो. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विकर शिजलेल्या स्टार्चचे तुकडे करते. बाळासाठी केलेली मोडाच्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते ती यामुळेच, आणि बाळाला ती सोसतेही. पण आपल्याला बिस्किटासाठी चिकट उकड हवी आहे. मोडाच्या पिठाची उकड काढायला गेलो तर ती हातातून निसटते. तेव्हा उकड साध्या नाचणीच्या पिठाचीच काढावी आणि मोडाचे पीठ उरलेल्या कोरड्या भागात मिसळावे. तिथे पाणी कमी असल्यामुळे विकराचा जोर चालत नाही, फार तर बिस्किटाला किंचित गोडसर चव येते.

नाचणीचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडतो. तिच्यात स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आत असतो, तर बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते हे घरोघरी माहीत आहे. नाचणीचे पीठ तसे होत नाही, त्यामुळे तिची बिस्किटे डब्यात टिकतात.

पौष्टिक म्हणजे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. गव्हाच्या कणकेत ते सुमारे ३१ आहे आणि मैद्यात त्याहूनही कमी. चोथ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम, मैद्यात तीनच्या आत, पण साध्या कणकेतही ११ च्या वरच. म्हणजे चोथ्यासाठी नुसता मैदा सोडून कणीक घेतली तरी काम होते. नाचणीची खरी कमाई कॅल्शियमची आहे.

आता हे बिस्किटावर मोजू. खालच्या प्रमाणाने केलेल्या पंधरा ग्रॅमच्या एका बिस्किटात सहा ग्रॅमच्या आसपास नाचणी येते, म्हणजे साधारण २३ मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते असे भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. चार बिस्किटांनी नव्वद-एक मिळतील आणि सोबत अडीचशेहून अधिक कॅलरी येतील. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून मात्र १८० मिलिग्रॅमच्या वर मिळते, तेही जवळजवळ १६० कॅलरींत. ओट घातले तरी हिशेब असाच येतो. ओटमधल्या बीटा-ग्लुकन या चिकट चोथ्यामुळे कोलेस्टेरॉल थोडे उतरते, पण त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे साधारण पाऊणशे ग्रॅम ओट पोटात जावे लागतात. बिस्किटातल्या चमचाभर ओटने ते होणार नाही.

म्हणून नाचणीचे बिस्कीट भाकरीच्या जागी बसवू नये. मैद्याच्या बिस्किटाच्या जागी ते बसवावे. चहाबरोबर बिस्कीट खाल्ले जाणारच असेल, तर त्यातून मैद्याऐवजी आपल्या डोंगरातले धान्य पोटात जावे, एवढे ते नक्की करते.

चौकट : सुमारे चोवीस बिस्किटांचे प्रमाण

नाचणीचे पीठ १५० ग्रॅम, त्यातले १५ ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात शिजवून उकडीसाठी. उरलेले पीठ कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून निववावे. गव्हाची कणीक ५० ग्रॅम. गोठलेले साजूक तूप ८० ग्रॅम आणि बारीक किसलेला गूळ ६० ग्रॅम एकत्र फेसावे. त्यात निवलेली उकड, मग पिठे, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, जायफळ आणि चमचाभर भाजलेले तीळ. अर्धा तास मुरवून चपटे थापावे. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे, मग आच ११० अंशांवर आणून आणखी दहा-पंधरा मिनिटे वाळवावे. गव्हाचे ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी कणकेऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे आणि उकड २५ ग्रॅम पिठाची करावी.

भट्टीचा ताव

दोन टप्प्यांत भाजण्याचे कारण उकड आहे. तिने बिस्किटाला धरून ठेवले खरे, पण सोबत पाणीही आणले. ते पाणी मोठ्या आचेवर घालवायला गेलो तर गुळामुळे तळ आधी करपतो आणि मध्यभाग ओला राहतो. नाचणीत तर रंगावरूनही काही कळत नाही, कारण बिस्कीट कच्चे असतानाच तपकिरी असते. एक बिस्कीट उलटून पाहावे. तळाचा रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा असावा आणि बोटाने हळूच दाबल्यावर मध्यभाग दबू नये. गरम असताना ते मऊच लागते. तूप आणि गूळ निवल्यावर घट्ट होतात, म्हणून ट्रेमधून दहा मिनिटे हलवू नये.

गावाकडे पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि बिस्किटे पाडून डबा भरून आणायचा, ही रीत अजून आहे. नाचणीचे पीठ नेणार असाल तर बेकरीवाल्याशी आधी बोला. लाकडाच्या भट्टीत पाव चढ्या तावावर निघतो, ताव उतरला की नानकटाई आणि अगदी शेवटी टोस्ट वाळतात. नाचणीची बिस्किटे नानकटाईच्या नंतर घालायला सांगावीत आणि भाजून झाल्यावर टोस्टबरोबर पुन्हा थोडा वेळ भट्टीच्या तोंडाशी ठेवायला सांगावीत. डबा घरी आणून पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर आतली वाफ बिस्किटांतच मुरते. पावसाळ्यात ती सादळली तर जाड तव्यावर ताटली ठेवून, वर झाकण न घालता, मंद आचेवर दहा मिनिटे शेकावीत आणि गार करून मगच खावीत.